ज्याची त्याची गरज

नवा फोन कोणता घ्यावा, आयफोन कीं अँड्रॉइड, असा प्रश्न कोणीं केला असतां शहाण्या माणसानें द्यावयाचें एक उत्तर आतां ठरून गेलें आहे. तें असें कीं, दोन्ही चांगले. ज्यानें त्यानें आपल्या गरजेप्रमाणें घ्यावा. हें उत्तर देणाराचें कोणाशीं भांडण होत नाहीं, विचारणाराचा मान राहतो, आणि पुढें फोन वाईट निघाला तरी सल्ला देणारावर दोष येत नाहीं. इतक्या सोयीचें उत्तर खरेंही असेलच असें नाहीं, एवढी शंका विचारी वाचकांच्या मनांत यावयास हरकत नसावी. प्रस्तुत लेखांत आम्हांस ह्या उत्तरांतील 'गरज' ह्या एका शब्दाचीच झडती घ्यावयाची आहे. कोणाचा कॅमेरा सरस आणि कोणाची बॅटरी अधिक टिकाऊ, हे प्रश्न आम्हीं जाणूनबुजून बाजूस ठेवले आहेत. त्यांचीं उत्तरें दर सहा महिन्यांनीं बदलतात आणि मासिकाचा अंक वाचकांच्या हातीं पडेपर्यंत शिळीं होतात.

प्रथम हीं दोनच नांवें कां उरलीं हें पाहणें अवश्य आहे. २००७ च्या जानेवारींत स्टीव्ह जॉब्ज ह्यांनीं सान फ्रान्सिस्को येथें पहिला आयफोन लोकांस दाखविला. २००८ सालीं गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन विक्रीस आला. त्या काळीं आपल्याकडे नोकियाचें राज्य होतें आणि बड्या साहेबांच्या हातीं ब्लॅकबेरी असे. मायक्रोसॉफ्टनेंही २०१० सालीं आपली नवी प्रणाली बाजारांत आणली, आणि २०१४ सालीं नोकियाचा फोनांचा धंदाच विकत घेतला. आज ह्या जुन्या प्रणालींपैकीं एकही उरली नाहीं. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांना पुरविली जाणारी सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीं थांबली. त्या वाईट होत्या म्हणूनच मेल्या असें म्हणतां येत नाहीं. बटणांवर अंगठे चालवून लांबलचक पत्रें लिहिणाऱ्या मंडळींस ब्लॅकबेरीची आठवण अजून येते. पण ह्या प्रणालींसाठीं ॲप्स लिहिणारे फिरकेनात, ॲप्स नाहींत म्हणून घेणारे फिरकेनात, आणि घेणारे कमी म्हणून लिहिणारे आणखी कमी झाले. म्हणजे ज्या माणसाची गरज त्या फोननें उत्तम भागत होती, त्याची गरज इतरांच्या निवडीनें रद्द केली. 'ज्याची त्याची गरज' ह्या तत्त्वास पहिलें भोक येथेंच पडतें. धोतर नेसावें कीं विजार घालावी हें ज्याचें त्यास ठरवितां येतें, कारण शेजारी विजार घालूं लागला म्हणून आमचें धोतर फाटत नाहीं. फोनचें तसें नाहीं. तो भाषेसारखा आहे. बोलणारे दुसरे असतील तोंवरच आपलें बोलणें चालावयाचें.

आतां कामाची गरज घ्या. मध्यमवर्गीय घरांतला माणूस फोनवर करतो तरी काय? बोलतो, व्हॉट्सॲपवर निरोप धाडतो, नातवंडांचीं छायाचित्रें पाहतो, आगगाडीचें तिकीट काढतो, आणि २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून भाजीवाल्यासही फोनमधूनच पैसे देतो. ह्यांपैकीं एकही काम असें नाहीं कीं जें एका यंत्रावर होतें आणि दुसऱ्यावर होत नाहीं. मराठींत लिहितां दोहोंवर येतें. पैसे देण्यापुरतेंच पाहिलें तर २०२२ च्या मार्चपासून साध्या बटणांच्या फोनवरूनही ते देण्याची सोय झाली आहे. तेव्हां कामाच्या गरजेवर निर्णय सोपविला, तर बहुतेकांच्या बाबतींत ती बिचारी मुकी बसते, आणि तिच्या नांवावर दुसरेंच कोणी बोलूं लागतें.

बहुतेकांच्या म्हटलें, सर्वांच्या नव्हे. अंध माणसाचें उदाहरण पाहा. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविण्याची सोय आयफोनमध्यें २००९ सालीं आली आणि अँड्रॉइडमध्येंही त्याच वर्षीं आली. डोळ्यांऐवजीं कानांनीं आणि बोटांनीं फोन वापरणाऱ्यानें एका यंत्राच्या खुणा वर्षानुवर्षें अंगवळणीं पाडून घेतलेल्या असतात. 'मला हाच पाहिजे' असें त्यानें म्हटलें, तर तेथें गरज हा शब्द आपल्या पूर्ण अर्थानें उभा असतो; त्याच्यापुढें किंमत, प्रतिष्ठा, मित्रांचें मत हीं सर्व गौण. दुसरें उदाहरण दहा-बारा हजारांपलीकडे खर्च करूं न शकणाऱ्याचें. त्या किंमतींत नवा आयफोन येतच नाहीं. हिंदुस्थानांतील स्मार्टफोनांपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक फोन अँड्रॉइडचे आहेत, ह्याचा अर्थ एवढ्या लोकांनीं दोन्ही बाजू तोलून कौल दिला असा कोणीं करूं नये. त्यांतील पुष्कळांपुढें तराजूचें एकच पारडें होतें. निवडीच्या नीतीविषयीं आम्ही जें पुढें लिहिणार आहों तें ज्यांना निवड करतां येते अशा थोड्या लोकांविषयींच आहे, ह्याचें भान आम्हांस आहे आणि वाचकांनींही तें ठेवावें.

ह्या थोड्या लोकांत कामाच्या नांवावर जें बोलतें तें प्रतिष्ठा. आतां प्रतिष्ठेचें नांव निघालें कीं नाक मुरडण्याची आपल्या लेखकांस संवय आहे. आम्हांस तें पटत नाहीं. तालुक्याच्या गांवाहून पुण्याच्या महाविद्यालयांत आलेली मुलगी चारचौघींत आपला फोन पर्सबाहेर काढतांना कचरते, तें तिचें दुःख खोटें नव्हे. मनगटावरचें घड्याळ, खिशाला लावलेलें फाउंटन पेन, नवी सायकल, ह्यांनीं हेंच काम आमच्या आजोबांच्या पिढींत केलें आहे, आणि त्या वस्तूंविषयीं आपण आज मोठ्या कौतुकानें बोलतों. माणसास मान लागतो. ती गरजच आहे. मात्र भुकेची सीमा पोट ठरवितें; मानाची सीमा दुसरा ठरवितो, आणि येथें तर ती दरवर्षीं सप्टेंबर महिन्याच्या सुमारास नवा आयफोन निघाला कीं पुढें सरकते. पहिला हप्ता मुलगी भरते, दुसरा बाप भरतो, आणि चोविसावा हप्ता फिटतो तोंवर तो फोन मान देईनासा झालेला असतो.

अमेरिकेंत ह्या प्रतिष्ठेनें निराळेंच रूप घेतलें. तेथें निरोप धाडण्यासाठीं पुष्कळ लोक फोनबरोबर आलेली सोयच वापरतात. आयफोनवरून आयफोनला गेलेला निरोप निळ्या पट्टींत दिसतो आणि अँड्रॉइडशीं चाललेला हिरव्या. हा केवळ रंगाचा भेद नव्हता. हिरव्या बाजूकडे गेलेलीं चलच्चित्रें अंधुक होऊन पोंचत. २०२२ च्या सप्टेंबरांत एका जाहीर परिषदेंत एका गृहस्थानें अॅपलचे प्रमुख टिम कुक ह्यांजपाशीं गाऱ्हाणें केलें कीं, माझ्या आईस मी धाडलेलीं चित्रें नीट दिसत नाहींत. कुक ह्यांनीं हंसत उत्तर दिलें कीं, आईला आयफोन घेऊन द्या. विनोद म्हणून तो ठीकच होता. परंतु त्या विनोदांत एक गोष्ट स्वच्छ दिसते: आईची गरज फोन बदलण्याची नव्हती, ती मुलाच्या निवडीनें निर्माण झाली होती, आणि कंपनीजवळ तिचा उपाय म्हणजे आणखी एक विक्री. पुढें २०२४ च्या मार्चांत अमेरिकन सरकारनें अॅपलवर मक्तेदारीचा दावा लावला त्यांत ह्या भिंतीचाही उल्लेख केला, आणि त्याच वर्षीं दोन्ही बाजूंना चालणारी नवी पद्धति अॅपलनें स्वीकारली. आपल्याकडे व्हॉट्सॲप सर्वत्र पसरल्यामुळें ही भिंत उभी राहिली नाहीं, हें एक नशीबच. अर्थात् व्हॉट्सॲपही एका कंपनीच्याच मालकीचें आहे. पण तो विषय दुसरा.

कठोपनिषदांत यम नचिकेत्यापुढें श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग मांडतो. आपल्याकडील नीतिविवेचनाची सुरुवात बहुधा ह्या जोडीपासून होते. प्रस्तुत विषयांत ती जोडी सरळ लावतां येत नाहीं, कारण दोन्ही विक्रेते आपलें प्रेय श्रेयाच्या वेष्टनांत गुंडाळून देतात. एक म्हणतो, आमच्याकडे तुमचें खासगी जीवन सुरक्षित आहे. दुसरा म्हणतो, आमच्याकडे तुम्हांस स्वातंत्र्य आहे. सुरक्षितता आणि स्वातंत्र्य हीं दोन्ही श्रेयेंच. तीं फोनच्या दुकानांत हप्त्यानें मिळूं लागलीं आहेत, एवढाच काळाचा महिमा. तरीही ह्या दोन शब्दांच्या मागें कांहींच नाहीं असें नव्हे. खरा भेद येथेंच आहे, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे.

आयफोन हा देवडीवर पहारा असलेल्या वाड्यासारखा आहे. आंत येणारें प्रत्येक ॲप कंपनीच्या एकाच दुकानांतून, तिच्या तपासणींतून यावयाचें. आणि त्या ॲपमध्यें डिजिटल मालाची विक्री होत असेल तर तिच्यावर तीस टक्क्यांपर्यंत दस्तुरी कंपनीची. युरोपीय संघाच्या कायद्यामुळें २०२४ च्या मार्चपासून तेथें दुसऱ्या दुकानांना वाट मिळाली, पण ती कायद्याच्या रेट्यानें. अँड्रॉइड त्या मानानें पेठेसारखा आहे. त्याचा गाभा लिनक्सचा, त्याची मूळ संहिता खुली, तो कोणत्याही कारखानदारानें आपल्या फोनांत घालावा, आणि गुगलच्या दुकानाबाहेरून आलेलें ॲपही मालकानें आपल्या जबाबदारीवर बसवावें. परंतु पेठेलाही जमीनदार असतो. फोन बनविणाऱ्या कंपन्यांवर गुगलनें लादलेल्या अटींबद्दल युरोपीय आयोगानें २०१८ सालीं ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगानें २०२२ च्या ऑक्टोबरांत १,३३७.७६ कोटी रुपयांचा केला, आणि २०२३ च्या मार्चांत अपील न्यायाधिकरणानें आयोगाचे कांहीं निर्देश रद्द करूनही तो दंड कायम ठेवला. तेव्हां स्वातंत्र्य ह्या मालाची शुद्धता किती कसाची आहे हें गिऱ्हाइकानें स्वतः घासून पाहावें.

सुरक्षिततेचेंही तसेंच. गुगलचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचें, अॅपलचें मुख्यतः यंत्रें विकण्याचें. त्यामुळें माणसाची माहिती गोळा करण्याची हांव एकीस अधिक आणि दुसरीस कमी, हा युक्तिवाद निराधार नाहीं. २०२१ च्या एप्रिलपासून आयफोनवर एका ॲपला दुसऱ्या ठिकाणीं आपला माग काढावयाचा असेल तर मालकाची परवानगी विचारावी लागते. पण तोच अॅपल आपल्या फोनवर शोध घेण्यासाठीं प्रथम गुगलच पुढें करतो, आणि त्याबद्दल गुगलनें त्यास एकट्या २०२२ सालांत सुमारें २० अब्ज डॉलर दिल्याचें अमेरिकेंतील खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलें. देवडीवरील पहारेकरी चोरांना अडवितो हें खरें. समोरच्या सावकाराकडून तो तनखा घेतो हेंही खरें.

तथापि ज्या घरांत सेवानिवृत्त माणूस एकटा राहतो त्या घराच्या दृष्टीनें हा वाद केवळ पंडिती नाहीं. अलीकडे व्हॉट्सॲपवर लग्नाची निमंत्रणपत्रिका म्हणून एक धारिका येते. ती पत्रिका नसून अँड्रॉइडचें ॲप असतें. भिडेखातर ती उघडून विचारलेल्या परवानग्या दिल्या कीं बँकेचे निरोप चोराच्या हातीं जातात. बाहेरचें ॲप बसविण्याचें जें स्वातंत्र्य एखाद्या अभियंत्यास अमूल्य वाटतें, त्याच दारानें त्याच्या वडिलांच्या घरांत चोर शिरतो. येथें बंद वाडा बरा, असें आम्ही निःसंकोच म्हणतों. परंतु त्याच वडिलांस पोलिसाचा पोशाख केलेला भामटा दृश्य संभाषणावर 'तुम्हांस अटक झाली आहे' म्हणून दरडावूं लागला तर कोणत्याही कंपनीची भिंत उपयोगीं पडत नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत पंतप्रधानांस 'मन की बात' ह्या भाषणांत ह्या 'डिजिटल अटके'विषयीं इशारा द्यावा लागला. ती फसवणूक यंत्रावर होत नाहीं, माणसाच्या भयावर होते. पहारा भाड्यानें घेतां येतो, धीर घेतां येत नाहीं. आणि पहारा आहे म्हणून धीराची संवय सुटली तर पहाऱ्यानें नुकसानच केलें असें म्हणण्याची पाळी येईल.

आपला विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करणें हें नेहमींच निंद्य, असें म्हणणारे एक मत आहे. आम्हांस तें अतिरेकी वाटतें. औषधाची परीक्षा आपण स्वतः करीत नाहीं, वैद्यावर सोंपवितों. खानावळींत ताटांत आलेल्या आमटीची चौकशी करीत बसत नाहीं. सोंपविण्यांत कमीपणा नाहीं. प्रश्न इतकाच कीं, वैद्य बदलतां येतो काय? विश्वास आणि ताबेदारी ह्यांतील अंतर परतीच्या वाटेनें मोजावें. २०१७ च्या डिसेंबरांत अॅपलनें कबूल केलें कीं, बॅटरी जुनी झालेल्या कांहीं आयफोनांची गति कंपनी प्रणालींतून मंद करीत होती. फोन एकाएकीं बंद पडूं नये म्हणून तें केलें, हें कारण खरें असूं शकेल. पण मालकास तें सांगितलेलें नव्हतें. आपला फोन म्हातारा झाला असें समजून कित्येकांनीं नवा घेतला असेल. कंपनीनें माफी मागितली, बॅटरीची किंमत उतरविली, आणि पुढें अमेरिकेंत नुकसानभरपाईची तडजोडही केली. त्याच कंपनीनें २०१३ सालच्या आयफोन ५एसला २०२३ च्या जानेवारीपर्यंत सुरक्षेची दुरुस्ती पुरविली, हेंही त्याच वहींत लिहिलें पाहिजे. स्वस्त अँड्रॉइड फोन ह्या बाबतींत पुष्कळदां दोन-तीन वर्षांतच पोरके होत आले. २०२३ सालीं गुगलनें आणि २०२४ सालीं सॅमसंगनें आपल्या भारी फोनांस सात वर्षें दुरुस्ती देण्याचें वचन दिलें, पण भारी फोनांसच.

परतीची वाट कशी बुजत जाते हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पहिल्यानें फोन घेतांना माणूस मोकळा असतो. मग छायाचित्रें त्या कंपनीच्या भांडारांत सांठतात, संकेतशब्द तिच्याच वहींत राहतात, मनगटावर तिचेंच घड्याळ येतें आणि कानांत तिचींच यंत्रें. ह्यांतील एकही वस्तु बेडी म्हणून आणलेली नसते. प्रत्येक सोय म्हणूनच आलेली असते. व्हॉट्सॲपवरील जुनीं संभाषणें अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची रीतसर सोय २०२२ सालीं झाली, तोंवर कित्येकांस फोन बदलणें म्हणजे दिवंगत आप्तांचे आवाज आणि निरोप मागें टाकून जाणें होतें. अशा माणसानें 'माझी गरज ह्याच फोनची आहे' असें म्हटलें तर तें खोटें नव्हे. मात्र ही गरज घेऊन तो दुकानांत गेला नव्हता. फोननें ती मागाहून त्याच्या पदरांत घातली. म्हणून कोणतेंही यंत्र घेण्यापूर्वीं त्यांतून निघावयाचें झाल्यास काय काय मागें राहील, हें विचारण्याची संवय लावून घ्यावी असें आम्ही सुचवितों. दुकानदार तें सांगणार नाहीं, कारण त्यास तें कोणी विचारीत नाहीं.

ह्या सगळ्या चर्चेंत 'ज्याची त्याची' ह्या शब्दांकडे अजून आम्ही वळलों नाहीं. आपल्याकडे वृद्ध माणसाचा फोन तें माणूस बहुधा स्वतः निवडीत नाहीं; मुलगा निवडतो. मुलगा न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियांत असतो, आयफोन वापरतो, आणि नवा घेतला कीं जुना, अजून चकचकीत असलेला, साताऱ्यास आईला पाठवितो. त्यांत प्रेम असतें ह्याबद्दल आम्हांस संशय नाहीं. फोन उत्तम असतो, त्याला कंपनीची दुरुस्ती मिळत असते, चित्र स्वच्छ दिसतें. पण आई गेलीं सहा वर्षें दुसरा फोन वापरीत होती. मागें जाण्याचें बटण कोठें असतें हें तिच्या अंगठ्यास ठाऊक होतें. ती अडली कीं खालच्या मजल्यावरचा महाविद्यालयांत जाणारा मुलगा दोन मिनिटांत अडचण सोडवीत असे, कारण त्याचा फोन तसलाच होता; औषधाच्या दुकानांतला पोऱ्या, दूधवाला, भाची, सर्वांचे तसलेच होते. नवा फोन आल्यावर ती अडते तेव्हां खालचा मुलगा फोन हातांत घेतो, उलटसुलट करतो, आणि 'काकू, मला ह्यांतलें नाहीं कळत' म्हणून परत देतो. मग ती मुलाची वाट पाहते, आणि मुलाच्या देशीं तेव्हां रात्र असते.

फोनच्या गुणांची जी कोष्टकें छापलीं जातात त्यांत 'शेजारी मदत करूं शकेल काय' हा रकाना आम्हीं कोठेंही पाहिला नाहीं. आमच्या मतें वृद्धाच्या बाबतींत तो पहिला रकाना असावा. कॅमेऱ्यापूर्वीं, किंमतीपूर्वीं, सुरक्षिततेच्याही पूर्वीं. कारण सुरक्षितता म्हणून आपण ज्यास म्हणतों ती बव्हंशीं हीच असते, कीं शंका आली असतां विचारावयास जवळ कोणीतरी आहे. भामट्याचा फोन आला त्या क्षणीं वाड्याची भिंत कामास येत नाहीं हें वर आलेंच आहे. खालच्या मजल्यावरचा मुलगा कामास येतो. ज्या सोसायटींत घरोघरीं आयफोन आहेत तेथें उत्तर उलट येईल, आणि तें तसें येण्यांत विसंगति कांहींच नाहीं. परदेशांतून पाहणाऱ्या मुलास मात्र आईची गरज आपल्या गरजेसारखी दिसते. त्याला हवें असतें स्वच्छ चित्र, न तुटणारें संभाषण, आपल्या यंत्राशीं जुळणारें यंत्र. ह्या त्याच्या गरजा आहेत. तो त्या आईच्या नांवावर मांडतो. २०२१ पासून आयफोनवाल्याच्या दृश्य संभाषणांत अँड्रॉइडवाल्यास दुव्यावरून सामील होतां येतें, आणि व्हॉट्सॲपवर तर हें कितीतरी आधींपासून होत होतें. म्हणजे आईस बदलावयास लावण्याचें कारण होतें असेंही नाहीं. तिला विचारावयास हवें होतें, आणि 'तुला कोणता हवा' असें विचारून भागणारें नव्हतें. अशा प्रश्नास आपल्याकडील आई 'मला काय, कसलाही चालतो' ह्याखेरीज दुसरें उत्तर देत नाहीं. अडलीस तर कोणाकडे जातेस, हें विचारावयास हवें होतें.

एक शेवटची बाब राहिली, आणि ती अप्रिय असल्यामुळें दुकानांतही निघत नाहीं आणि घरांतही निघत नाहीं. फोन ही अत्यंत वैयक्तिक वस्तु म्हणून आपण घेतों. कुलूप आपल्या बोटाच्या ठशाचें किंवा चेहऱ्याचें. पण त्यांत सांठतें तें सारें कुटुंबाचें असतें: लग्नांतलीं छायाचित्रें, विम्याचे आंकडे, गेलेल्या मोठ्या भावाचा आवाज. मालक गेला कीं ही सर्व मिळकत कुलुपाआड राहते, आणि विधवेस पतीच्या छायाचित्रासाठीं अनोळखी माणसांचे उंबरे झिजवावे लागतात. दोन्ही कंपन्यांनीं ह्याची तरतूद केली आहे. गुगलनें २०१३ सालीं अशी सोय काढली कीं, खातें तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने, जी मुदत मालकानें ठरविली असेल ती, निपचित पडलें तर त्यानें आधीं नेमलेल्या माणसांस कळविलें जावें आणि ठरविलेला भाग त्यांच्या स्वाधीन व्हावा. अशीं माणसें दहापर्यंत नेमतां येतात. अॅपलनें २०२१ च्या डिसेंबरांत वारस नेमण्याची सोय दिली. तींत नेमलेल्या माणसाजवळ एक संकेतकिल्ली राहते. ती आणि मृत्यूचा दाखला हजर केल्यावर छायाचित्रें, टिपणें व इतर सांठा तीन वर्षें पाहतां व उतरवून घेतां येतो, मग खातें कायमचें पुसलें जातें. सांठविलेले संकेतशब्द मात्र वारसास मिळत नाहींत. मालकानें हयातींत नांव घातलें नसेल, तर एका बाजूस कंपनीकडे अर्ज करावा लागतो आणि दुसऱ्या बाजूस न्यायालयाचा हुकूम आणण्याची पाळी येते. नांव घालण्यास दोन्ही यंत्रांवर पांच मिनिटें पुरतात, आणि तें काम मालकाच्या बोटाच्या ठशावांचून दुसऱ्या कोणास करतां येत नाहीं.